पेटीत सापडलेली फाइल

एका मामांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीचा मुलगा १६ वर्षांचा, अकरावी विज्ञानला. गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी आई आणि आजोबा, शेती कोरडवाहू. तो ६ वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. त्याला मात्र "बाबांच्या छातीत कळ आली" असंच सांगितलं गेलं. यंदा अकरावीच्या प्रवेशासाठी कागदपत्रं शोधताना त्याने पेटी उघडली आणि जुनी फाइल त्याच्या हाती लागली: पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि तहसीलचं एक पत्र ज्यावर "अपात्र" असं लिहिलंय. त्या दिवसापासून तो आईशी बोलत नाही, कॉलेज बुडवतो, संध्याकाळी वावरात एकटा बसून राहतो. एका मित्राला म्हणाला, "मीही तसाच होणार." आजोबांचं म्हणणं, विषय काढू नका, आपोआप विसरेल. मामा पुण्याला असतात. त्यांना तीन गोष्टी हव्यात: आता त्याला काय सांगायचं, हे रक्तातून येतं का, आणि त्याला गावातून उचलून पुण्याला आणावं का.

भाऊ, मी पश्चिम विदर्भात २२ वर्षं मानसोपचार समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. त्यातली बरीचशी वर्षं अशाच घरांमध्ये गेली. तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते, पण त्याआधी एक काम आहे आणि ते आजच करायचं आहे.

"मीही तसाच होणार" हे वाक्य मित्राने तुमच्यापर्यंत पोचवलं, त्या मित्राचे आभार माना. आता भाच्याला कोणीतरी सरळ विचारायला हवं: "तुला जगू नये असं वाटतं का? मरण्याचे विचार येतात का?" याच शब्दांत. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती आपल्याकडे फार आहे आणि ती खरी नाही. विचार आधीच असेल तर विचारणारा माणूस भेटला म्हणून मूल मोकळं होतं, नसेल तर ते तसं सांगतं. उत्तर "हो" आलं, किंवा त्याने काही ठरवून ठेवल्याचा संशय आला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, रात्री-बेरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही पुण्याहून लावू शकता, तोही गावातून लावू शकतो. आणि उत्तर "नाही" आलं तरी एक गोष्ट कराच. फवारणीची औषधं घरातून हलवा. कोठ्यात, न्हाणीच्या कोनाड्यात, छपराच्या वळचणीला ती कुठे ठेवलेली असतात ते मी शेकडो घरांत पाहिलंय. ती कुलपात गेली पाहिजेत, शक्यतो दुसऱ्याच्या घरी, आणि किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नको. हा सल्ला साधा वाटेल, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त जीव यानेच वाचलेत. वाईट क्षण बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस त्यातून बाहेर येतो.

आता त्या वाक्याबद्दल. "तसाच" म्हणजे कसा, हे त्यालाच विचारावं लागेल, कारण मी ऐकलेली त्याची उत्तरं वेगवेगळी होती. एका मुलाला म्हणायचं होतं की शिकून काही होत नाही, शेवटी वावरच करावं लागणार आणि कर्जातच राहावं लागणार. दुसऱ्याला वाटत होतं की एक दिवस आपल्या आतून काहीतरी उठेल आणि आपण थांबवू शकणार नाही, जसं बापाला थांबवता आलं नाही. तिसरा मुलगा मात्र हे वाक्य जवळजवळ अभिमानाने म्हणत होता. बापाची दुसरी कुठलीच गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, म्हणून त्या एकाच गोष्टीतून तो बापाशी नातं जोडत होता. तिघांशी बोलायच्या वाटा वेगळ्या होत्या. म्हणून अर्थ आपण लावायचा नाही, त्याला विचारायचा.

तुम्ही लिहिलंय, "वडिलांचं त्याला आता कळलं." मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्याला बरंच आधीपासून ठाऊक असावं. गावात ही गोष्ट लपत नाही. ६ वर्षांच्या मुलाला पोलिसांची गाडी दिसते, आपण ओसरीवर आलो की बायका बोलायच्या थांबतात हे दिसतं, आणि दुसरी-तिसरीत कुणीतरी भांडणात तोंडावर फेकतंच. मी ज्या मुलांशी बोलले त्यांतल्या बहुतेकांना आठ-नऊ वर्षांचे असतानाच समजलं होतं. ती गप्प का राहिली? आईला त्रास होऊ नये म्हणून. म्हणजे आई मुलाला जपायला गप्प, मुलगा आईला जपायला गप्प, आणि मधे एक पेटी. फाइलने त्याला बातमी दिली नाही, पुरावा दिला. त्याच्या मनातला खरा प्रश्न बहुधा हा आहे: तुम्हालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं, मग दहा वर्षं आपण एकमेकांशी काय बोलत होतो? आईशी धरलेला अबोला तिथून आलाय.

हे नेमकं सोळाव्या वर्षी का उसळतं, हेही समजून घ्या. दुःख एकदाच करून संपत नाही. मूल वाढतं तसं त्याच मरणाकडे पुन्हा पुन्हा नव्या डोळ्यांनी बघतं. सहाव्या वर्षी मरण म्हणजे कायमचं जाणं हे पुरतं उमगत नाही, आणि त्या वयात मुलांना आपल्यामुळेच सगळं घडतं असं वाटतं. एका मुलाने मला सतराव्या वर्षी सांगितलं की आदल्या दिवशी त्याने बापाकडे सायकलसाठी हट्ट केला होता. अकरा वर्षं तो त्या सायकलीचं ओझं वाहत होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या भाच्याच्या मनात अशी एखादी सायकल आहे का, ते आपल्याला माहीत नाही. सोळाव्या वर्षी त्यावर नवा प्रश्न चढतो: मी होतो तरी ते गेले, म्हणजे मी पुरेसा नव्हतो का? त्याच काळात आवाज फुटतो, मिसरूड येतं, आणि लग्नकार्यात मावश्या-आत्या कौतुकाने म्हणतात, "हुबेहूब बाप." ज्याचं शेवटचं पान ठाऊक आहे अशा माणसाचा चेहरा आरशात आपल्याच चेहऱ्यात उगवताना बघणं सोपं नसतं.

म्हणून घरातल्यांसाठी एक गोष्ट, आणि ही कडकपणे पाळा. राग आला, उशीर झाला, अभ्यास केला नाही, काहीही झालं तरी "बापावर गेलास" किंवा "बापासारखंच करशीन का?" हे वाक्य त्या घरात पुन्हा उच्चारायचं नाही. माया म्हणूनही नाही, धाक म्हणूनही नाही.

आता सांगायचं कसं. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः घरच्यांना म्हणायचे की अठरा पूर्ण होऊ द्या, मग सांगा. ते चुकलं. एका मुलीला हे लग्नाच्या बोलणीत, परक्या माणसांसमोर कळलं, आणि तिने घरच्यांवरचा विश्वास जो काढून घेतला तो कित्येक वर्षं परत दिला नाही. त्यानंतर मी हा सल्ला बंद केला. मूल विचारतं तेव्हा, त्याच्या वयाला झेपेल तेवढं, पण खोटं नाही. तुमच्या भाच्याच्या बाबतीत तर थांबण्यासारखं काही उरलेलंच नाही.

बोलायला हवं ते तुमच्या बहिणीने. तुम्ही सोबत असा, पण तिच्याऐवजी बोलू नका. घरात सगळ्यांना गोळा करून बैठक घातल्यासारखं बसवू नका. या वयाची मुलं समोरासमोर डोळ्यांत बघून बोलत नाहीत, शेजारी-शेजारी असली की बोलतात. धुऱ्यावर बसून, गाडीवरून जाताना, भाजी निवडताना. तो संध्याकाळी वावरात जाऊन बसतो ना? मग आईने एखाद्या दिवशी तिथेच जाऊन बसावं. काही न बोलता बसली तरी चालेल, पहिला दिवस तेवढाच असू दे.

शब्द अगदी साधे ठेवा. आपल्याकडे या घटनेला नावच देत नाहीत. "त्यांनी असं केलं" एवढंच म्हणतात आणि त्या "असं"मध्ये सगळं झाकून टाकतात. मी आयांकडून वाक्य बोलायचा सराव करून घेते, कारण पहिल्यांदा ते तोंडातून निघत नाही. साधारण असं: "तुझ्या बाबांनी आत्महत्या केली. तू लहान होतास, मला भीती वाटली, म्हणून मी तुला खोटं सांगितलं. ते चुकलं. त्यांचं मन तेव्हा फार आजारी होतं आणि आम्हाला ते ओळखता आलं नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही." यातलं "ते चुकलं" गाळू नका. मुलगा त्याच शब्दांची वाट बघत असतो. कसं केलं, कुठे, कुणी आधी पाहिलं, हे तपशील आपणहून सांगू नका. विचारलं तर एका वाक्यात खरं सांगा, रंगवू नका. "का केलं?" यावर "मलाही पुरतं माहीत नाही" हे उत्तर खरं आहे आणि ते द्यायला लाजू नका. हे एका बैठकीत संपणारं काम नाही. तो उठून निघून गेला तर जाऊ द्या, तीन दिवसांनी दुसऱ्याच कशावरून विषय काढेल.

"का"बद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण आपल्या भागात त्याचं एक तयार उत्तर आहे: कर्ज. ते खोटं नाही. तुम्ही दिलेल्या वर्षांवरून हिशेब केला तर २०१४-१५ चा हंगाम येतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपिटीने हरभरा-गहू झोपवला, मग पाऊस लांबला, आणि त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ४,०५० रुपये. २०१०-११ मध्ये हाच कापूस बाजारात सहा हजारांच्या वर गेला होता. त्या भावाकडे बघून खर्च वाढवलेला माणूस चार वर्षांत कुठे येऊन पडला असेल, हे शेतीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एका घरात मुलाला बापाची हिशेबाची वही मिळाली. गणितात हुशार पोरगा. त्याने दोन संध्याकाळ बसून बियाणं, खत, मजुरी, वेचाई, सगळं मांडलं आणि मला म्हणाला, "मॅडम, माझा बाप येडा नव्हता. कोणीही असता तरी हेच केलं असतं, पेरलंच असतं." त्या दिवशी त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. तुमच्या घरी अशी वही असेल तर ती जपा.

पण त्याला एकट्या कर्जाची गोष्ट सांगू नका. त्याच हंगामात, तेवढंच किंवा जास्त कर्ज असलेले शेजारी जगले, आणि हे मुलाला दिसतं. मग तो म्हणतो, मग माझाच बाप कमजोर होता का? खरं असं आहे की कर्ज, नापिकी, न झोपलेल्या रात्री, मानाची भीती, कधी दारू आणि मनाचा न ओळखलेला आजार हे सगळं एका जागी येतं, आणि त्या अवस्थेत माणसाला दुसरी वाट दिसेनाशी होते. वाटा असतात, दिसत नाहीत. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, हे मुलाने बापाच्या संदर्भात ऐकणं महत्त्वाचं आहे. उद्या त्याला स्वतःला तसं वाटलं तर त्याच्याकडे त्या अवस्थेसाठी शब्द असेल आणि कुठे जायचं ते ठाऊक असेल.

त्यालाच जोडून तुमचा दुसरा प्रश्न, रक्तातून येतं का. प्रामाणिक उत्तर देते. ज्या मुलांचा आई किंवा बाप असा जातो, विशेषतः मूल लहान असताना, त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरं आहे आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही. नैराश्याकडे झुकणारा स्वभाव काही अंशी वारशाने येतो. पण आत्महत्या अशी गोष्ट डोळ्यांच्या रंगासारखी येत नाही. अशा घरांतली बहुसंख्य मुलं मोठी होतात, लग्नं करतात, म्हातारी होतात. धोका वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या हातातल्याही असतात: गुपित, एकटेपण, दारू, उपचार न मिळालेलं नैराश्य, आणि हाताशी असलेलं विष. भाच्याला हे असंच सांगा: तुला इतरांपेक्षा थोडं जास्त लक्ष ठेवावं लागेल, जसं घरात साखरेचा आजार असलेल्या माणसाला ठेवावं लागतं. मुलांना अशी सरळ गोष्ट आवडते. "तुला काही होणार नाही" या दिलाशावर ती विश्वास ठेवत नाहीत. झोप पार उडणं किंवा दिवसभर झोपणं, चिडचिड, जेवण सुटणं, आवडत्या गोष्टी सोडणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिसलं तर वाट पाहू नका. तो आपल्या वस्तू वाटून टाकताना दिसला तर दोन आठवडेही थांबू नका. या वयात नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसतं, म्हणून घरचे त्याला माज समजतात.

आता त्या "अपात्र" शब्दाकडे येते. तुम्ही तो ओझरता लिहिलाय, पण माझा अंदाज आहे की फाइलमधला सगळ्यात जास्त टोचलेला शब्द तोच असेल. १६ वर्षांच्या मुलाने बापाच्या नावापुढे "अपात्र" वाचलं तर तो काय अर्थ लावेल? त्याला तो बापावरचा निकाल वाटतो. तेव्हा त्याला त्या शब्दाचा खरा अर्थ नीट सांगा. सरकारची मदत मिळण्यासाठी अटी होत्या: नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं थकीत कर्ज, आणि त्या वसुलीचा तगादा. जिल्ह्याची समिती कागद बघून ठरवायची. पात्र ठरलं की कुटुंबाला १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ज्याने कृषी केंद्रातून उधारीवर बी-खत उचललं, मेहुण्याकडून पैसे घेतले, बिनपरवाना सावकाराकडून घेतले, त्याचं कर्ज कागदावर कर्जच नसे. म्हणजे अपात्र ठरला तो अर्ज, माणूस नाही. हे त्याच्यासमोर, तो कागद हातात घेऊन, एक-एक ओळ वाचून सांगा. मी एका मुलीसोबत असा कागद वाचला तेव्हा ती शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे मामाचं कर्ज मोजलं नाही." आणि मग ती खूप रडली. पहिल्यांदाच.

आजोबांवर रागावू नका. त्यांच्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, घरात पोलीस येत, सुनेकडे संशयाने बघितलं जाई, नातींची लग्नं अडत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही नजर बदलली. आता अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे असं कायदा म्हणतो. पण म्हाताऱ्या माणसाच्या मनातली भीती कायद्याने जात नाही. शिवाय त्यांनी पोटचा मुलगा गमावलाय आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही. "आपोआप विसरेल" हे ते नातवाबद्दल म्हणतात की स्वतःबद्दल, हे बघा. आजोबा बोलायला तयार झाले तर त्यांच्याइतका चांगला सांगणारा त्या घरात दुसरा नाही, कारण बापाचं लहानपण फक्त त्यांच्याकडे आहे.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडी थांबते. त्या मुलाकडे बाप म्हणून काय आहे? एक शेवटचा दिवस आणि एक फाइल. बाप ३५-३६ वर्षं जगला असेल, त्यातला एकच दिवस मुलाच्या वाट्याला आलाय. बाकीचे हजारो दिवस कुठे गेले? त्यांचा फोटो भिंतीवर आहे का? पुष्कळ घरांत नसतो, पेटीत असतो, कारण असं गेलेल्या माणसाचा फोटो लावायला मन धजत नाही. अक्षय्य तृतीयेला घागर मांडतात तेव्हा त्यांचं नाव घेतात का? पोळ्याला ते बैल कसे सजवायचे, कबड्डीत कुठल्या बाजूने शिरायचे, लग्नाआधी तुमच्या बहिणीला बघायला आले तेव्हा काय बोलले, त्यांना कुठली भाजी आवडायची नाही, कुणाशी भांडण होतं. सगळं सांगा, फक्त गोड नको. रागीट होते तर रागीट होते असं सांगा. देव करून ठेवलेल्या बापावर मुलाला रागावता येत नाही, आणि त्याला रागावण्याची गरज आहे. "मला सोडून गेला" हा राग त्याने बोलून दाखवला तर "बापाबद्दल असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका.

अजून एक ओझं आहे, त्याबद्दल घरचे क्वचितच बोलतात. "आत्महत्याग्रस्त कुटुंब" हा शिक्का. वह्या वाटपाला मंचावर बोलावणं, फोटो काढणं, वसतिगृहाच्या यादीत नावापुढे तसं लिहिणं. मदत देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मदतीची गरजही असते. पण वयाच्या १४-१५ व्या वर्षानंतर मुलांना मंचावर जायची शरम वाटते आणि ती न सांगता शाळा बुडवतात. तुमचा भाचा कॉलेज बुडवतोय, त्यामागे असं काही आहे का विचारा. कॉलेजात एखाद्या चांगल्या शिक्षकाला सांगायचं झालं तर त्याच्या परवानगीने सांगा, आणि एकालाच. ही गोष्ट आता त्याचीही आहे, ती कुणाला सांगायची हे ठरवण्याचा हक्क त्याला पहिल्यांदाच द्या.

तो वावरात जाऊन का बसतो, याचं एक साधं कारणही असू शकतं: दोन वर्षांनी त्यातला त्याचा वाटा त्याच्या स्वतःच्या हातात येणार आहे. सातबाऱ्यावर बघा. वारस नोंद झाली असेल तर त्याच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असं असेल, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाची पालनकर्ता. तो १८ वर्षांचा झाला की अर्ज करून हा शेरा कमी करता येतो. कायद्याच्या भाषेत वयात येणं ते हेच. आणि मुलं हे मोजत असतात. शेरा गेला की बापाचं कर्ज आपल्या डोक्यावर येणार, सावकार आपल्याला पकडणार, असं एका मुलाला वाटत होतं आणि म्हणून त्याला अठरावं वर्ष नकोच होतं. "बापाचं कर्ज पोरानं फेडायचं असतं" हे गावात सगळेच म्हणतात. कायदा तसा नाही. वारसाची जबाबदारी बापाकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेलं कर्ज केवळ मुलाचं धर्मकर्तव्य म्हणून त्याच्याकडून वसूल करता येत नाही. बँकेचा बोजा असेल तर तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दिसेल. तुम्ही पुढच्या वेळी गावी गेलात की भाच्याला सोबत घेऊन सोसायटीत आणि बँकेत जा, खात्याची आजची स्थिती लेखी मागा. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची आणि २०१९ मध्ये २ लाखांपर्यंतची अशा दोन कर्जमाफ्या होऊन गेल्या, त्यात काय झालं तेही विचारा. कुणी बिनपरवाना सावकार अजून मागत असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. मी समुपदेशन सोडून तलाठ्याच्या गोष्टी का सांगतेय असं वाटेल. मुलाची भीती आकड्यात कळली की तिचं आकारमान ठरतं. "खूप कर्ज" या शब्दापेक्षा ६८ हजार किंवा शून्य हे आकडे त्याला झोपू देतात.

त्याच ओघात, "आता तूच घरातला पुरुष" हेही त्याला ऐकवणं बंद करा. घर दहा वर्षं तुमच्या बहिणीने चालवलंय. कर्ती ती आहे. त्याने अकरावी करावी.

तिसरा प्रश्न, पुणे. हे परिस्थितीवर अवलंबून आहे. आत्ता लगेच, अबोला असताना, त्याला उचलून नेलंत तर त्याला दोनच अर्थ कळतील: मला इथून लपवलं, किंवा आईला मी नको झालो. शिवाय शहरात नव्या मुलांमध्ये तो आणखी एकटा पडू शकतो, आणि आई इकडे एकटी राहील या काळजीने त्याचं मन लागणार नाही. उलट, गावात कुणी रोज टोमणे मारत असेल, सावकार दारात येत असेल, किंवा उपचारासाठी नियमित डॉक्टर जवळपास मिळत नसेल, तर काही महिने बदल चांगला. तुम्ही सुट्टीत पंधरा दिवस बोलवा, परत जाऊ द्या, मग बारावीनंतर काय करायचं ते त्यालाच विचारा. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी "मैत्री" क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात. सुरुवात तिथून करता येईल. तिथे नीट जमलं नाही तर जिल्हा रुग्णालय.

बहिणीबद्दल तुम्ही प्रश्नात एकच ओळ लिहिलीत, "ती नुसती रडते." तिलाही कुणाशी तरी बोलायला हवं, मुलाचा विषय सोडून, स्वतःसाठी. नवरा गेला तेव्हा तिला बहुधा रडायलाही वेळ मिळाला नसेल: पंचनामा, दिवस-कार्य, तहसीलच्या चकरा, मग पेरणी. भाच्याशी बोलायच्या आधी तुम्ही तिच्याशी बोला. तिला कुणी दोष देत नाही, हे आधी तिच्या कानावर पडू दे. नाहीतर मुलाचा पहिलाच प्रश्न तिला आरोप वाटेल आणि बोलणं तिथेच मोडेल.

शेवटी त्या फाइलचं. ती आत्ता कुठे आहे? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत आई ती पुन्हा लपवते, दुसऱ्या पेटीत, माहेरी, कधी चुलीत. तसं होऊ देऊ नका. सगळं बोलून झालं, तो शांत आहे अशी खात्री झाली, की ती फाइल काढा आणि कुठे ठेवायची ते त्याला ठरवू द्या. शवविच्छेदनाचा अहवाल हवा तर तुम्ही तुमच्याकडे ठेवा, बाकी कागद त्याला लागणारच आहेत. एका घरात मुलाने ती फाइल उचलून त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या पिशवीत घातली, सातबारा आणि जातीच्या दाखल्याशेजारी. आईने घाबरून विचारलं, इथे कशाला? तो म्हणाला, "घरची सगळी कागदं एका जागी असावी ना, माय."